वलीची तबकडी

"वली बोलायचा थांबलाय. जमेल तसा ये."

आईचा, गुलबानूचा, हा निरोप हमीदला मुंबईत मिळाला, मुरूडच्या आगबोटीवरच्या एका खलाशाकडून. खलाशाला त्याचा अर्थ लागला नव्हता. हमीदला लागला. वली त्याचा धाकटा भाऊ. मागच्या थंडीत तो विलायतेच्या एका बंदरात न्युमोनियाने गेला आणि त्याला तिथेच माती मिळाली.

वली मोठ्या बोटीवर भट्टीत कोळसा ओढायचा. त्याची पत्र्याची ट्रंक बोटीच्या सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, राजपुरीला घरी आणून दिली. तिच्यात दोन सदरे, जपाची तसबीह, अम्मासाठी घेतलेली लोकरी शाल आणि कथलाच्या रंगाची एक पातळ तबकडी होती. सारंग म्हणाला, "तिथं जत्रेत एक खोली असते. नाणं टाकून आत बोलायचं, की आवाज या पत्र्यावर उमटतो. अंथरुणाला खिळायच्या आधी वली तिथं जाऊन आलेला."

शेजारच्या महेरुन्निसाचा नवरा झांझिबारला होता. त्याने धाडलेला ग्रामोफोन तिच्याकडे होता. तो उचलून गुलबानूच्या पडवीत आणला, तबकडी लावली. आधी खरखर झाली, मग वली बोलला. "अम्मा, मी वली. आवाज येतोय ना, अम्मा?"

गुलबानू तिथेच बेशुद्ध पडली. महेरुन्निसाने घाईने सुई उचलली.

त्यानंतर गुलबानूला जेव्हा आठवण यायची तेव्हा ती ग्रामोफोन मागवायची, तेवढंच एक वाक्य ऐकायची आणि सुई उचलायला लावायची. महेरुन्निसा एकदा म्हणाली, "चाची, पुढं पण हाय की बोलणं."

"राहू दे. सगळं ऐकलं की मग काय उरलं?"

वलीची बायको सफुरा तेव्हा इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिने दहा दिवसांत, होती. ती पडवीत येत नसे. माजघराच्या दाराआड बसायची. तिला ऐकायचंय का, हे कुणाच्या मनात आलं नाही, आणि तीही काही म्हणाली नाही.

ग्रामोफोनची सुई पोलादाची आणि तबकडीचा पत्रा मऊ. दर वेळी सुई पत्रा थोडा थोडा खरवडत होती. एक दिवस ते वाक्य आलंच नाही. नुसती घरघर. गुलबानूने त्याच दिवशी निरोप धाडला.

हमीद ग्रँट रोडच्या एका टॉकीजमध्ये मशीनवर मदतनीस होता. बोलपट नवे आले तेव्हा त्यांचा आवाज तबकड्यांवरूनच यायचा. पुढे आवाज फिल्मवरच येऊ लागला आणि ती जुनी यंत्रं भंगारात गेली. चोरबाजारात त्या भंगारातला एक पिकप हमीदला मिळाला. काड्यापेटीएवढी डबी. आत लोहचुंबक आणि बारीक तारेच्या दोन गुंडाळ्या. सुई थरथरली की त्या गुंडाळ्यांत किंचित वीज उठते. ती व्हॉल्व्हच्या पेटीतून वाढवायची आणि कानाला लावायच्या फोनमध्ये ऐकायची. याला बांबूची सुई चालते, वजनही कमी, म्हणजे तबकडीत काही उरलं असेल तर ते न खरवडता ऐकता येईल. पेटी, फोन आणि बॅटऱ्या त्याने टॉकीजमधून मागून घेतल्या. दुकानदाराने आधीच सांगितलं, "चालू आहे की बंद, मला ठाऊक नाही. तारा कुणीतरी कापल्यात."

राजपुरीला हमीद पोचला तेव्हा घरात अम्मा एकटीच होती.

"सफुरा?"

"इद्दत संपली. भाऊ येऊन दिघीला घेऊन गेला. शुक्रवारी निकाह हाय तिचा, बोर्लीच्या एका बिजवराशी." गुलबानूने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. "जवान पोर. मी कशी अडवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदने पडवीत चटई अंथरून पिकप उघडला. आतून चार तारा बाहेर आल्या होत्या. चारही सारख्या, वरचं रेशीम कळकटून तपकिरी झालेलं. कुठली कुठल्या गुंडाळीची, ओळखायला खूण नव्हती.

आधी जोड्या लावायला हव्या होत्या. त्याने विजेरीतला सेल काढला, एका कानाचा फोन घेतला आणि दोन दोन तारांना टेकवून पाहू लागला. तारा एकाच गुंडाळीच्या असल्या तरच फोनमध्ये 'टक्' होणार. पहिल्या दोनांत काही नाही. एक तार बदलली. नाही. पुन्हा बदलली आणि टक् झालं. उरलेल्या दोन तारांतही झालं. म्हणजे दोन्ही गुंडाळ्या शाबूत होत्या. त्याने एकीचं टोक दुसरीच्या टोकाला जोडलं, उरलेली दोन टोकं पेटीला लावली. महेरुन्निसाच्या ग्रामोफोनच्या चाकाशेजारी लाकडी ठोकळ्यावर पिकपचा दांडा बसवला आणि बांबूची सुई तबकडीवर ठेवली.

गुलबानू समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

फोनमध्ये काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नीट नव्हती. त्याने सुई मधोमध ठेवली, मग शेवटाकडे. सगळीकडे तेच. बराच वेळ गेल्यावर त्याने फोन कानावरून काढले.

"काय बोलतो?" गुलबानूने विचारलं.

"अम्मा, काही उरलं न्हाय."

उठून आत गेली. आतून भांडी घासायचा आवाज येऊ लागला. ती भांडी सकाळीच घासून झाली होती.

हमीद खाडीवर जाऊन बसला. भरती लागली होती. मोरू कोळ्याच्या दोन लहान मुली बापाची होडी काठाला आणायच्या खटपटीत होत्या. एक वल्हं पुढे ढकलत होती, दुसरी मागे ओढत होती. दोघी घामाघूम, आणि होडी जागच्या जागी गिरक्या घेत होती. मोरू काठावरून ओरडला, "अगं, एकीनं तरी उलटं करा."

हमीद त्यांच्याकडे बघत राहिला. खरखरसुद्धा आली नाही, हे त्याला आत कुठे तरी खटकत होतं. तबकडी कितीही झिजली तरी सुई पत्र्यावर घासते, त्याचा आवाज यायलाच हवा. तो नव्हता, म्हणजे दोष तबकडीचा नव्हता. दोन गुंडाळ्या एकमेकींच्या विरुद्ध ओढत होत्या. एकीत उठणारी वीज दुसरी मारून टाकत होती.

तो घरी परतला. बाप गलबतावर तांडेल होता. त्याचं होकायंत्र अजून फळीवर होतं. हमीदने पिकपचं लोहचुंबक सोडवून दूर ठेवलं, होकायंत्र गुंडाळ्यांशेजारी मांडलं आणि एका गुंडाळीला सेल लावला. काटा डावीकडे सरकला. दुसरीला लावला, काटा उजवीकडे. त्याने दुसरीची टोकं उलटी केली, सेल लावून पुन्हा पाहिलं. आता दोन्ही वेळा काटा डावीकडेच गेला. त्याने तारा जोडल्या, लोहचुंबक जागेवर बसवलं आणि सुईला नखाने हळूच स्पर्श केला. फोनमध्ये दार ठोठावल्यासारखा आवाज आला.

सुरुवातीला तबकडीवर नुसती घरघर होती. अम्माचं वाक्य गेलेलं होतं. पोलादाची सुई इतके दिवस जिथवर फिरली होती तिथवर पत्रा पुसला होता. मग घरघर निवळली आणि अगदी कानाशी, शेजारी बसल्यासारखा वली म्हणाला, "सफुरा, तू जवळ हायस ना? अम्माला जरा बाजूला जायला सांग."

हमीदने झटकन सुई उचलली.

गुलबानू दारात उभी होती. "बोलला?"

"बोलला, अम्मा."

"दे इकडं."

"अम्मा, तुझं बोलणं पुसलं गेलंय. पुढचं आहे, पण ते सफुरासाठी आहे."

गुलबानू चटईवर बसली. तिने फोन हातात घेतले आणि मांडीवर ठेवले. कानाला लावले नाहीत. "मी त्याला नऊ महिने पोटात वाढवला," ती म्हणाली. मग म्हणाली, "परवा तिचा निकाह हाय. आता हे ऐकून ती काय करील?"

"न सांगता राहायचं?"

गुलबानूने फोन त्याच्यापुढे सरकवले. "न्हाय. सामान बांध. आपण जाऊ. ऐकायचं की न्हाय, ते तिनं ठरवावं."

आगरदांड्याहून होडीने ती दोघं दिघीला गेली. ग्रामोफोन हमीदच्या डोक्यावर, पेटी आणि बॅटऱ्यांची पिशवी हातात. तबकडी गुलबानूने त्याच लोकरी शालीत गुंडाळून छातीशी धरली होती. सफुराच्या घरी अंगणात मांडवाच्या मेढी रोवल्या होत्या. तिचा भाऊ मोहम्मद सामान बघून दारातच आडवा उभा राहिला.

"चाची, तुम्ही आलात, आनंद झाला. पण हे कशाला आणलंत? पोरीचं मन कसंबसं थाऱ्यावर आलंय."

"तिला विचार," गुलबानू म्हणाली. "ती नको म्हणाली तर आम्ही परत फिरतो."

सफुरा आतून ऐकत होती. ती ओट्यावर आली. हाताला मेंदी होती, अजून ओली. तिने कुणाकडे न बघता विचारलं, "मला ऐकवायचं काय हाय त्यात? मी दाराआडून सगळं ऐकलंय. अम्मा, अम्मा. माझं नाव त्याने घेतलेलं न्हाय."

"घेतलंय," हमीद म्हणाला. "पुढं घेतलंय. आम्ही कधी तिथवर गेलोच न्हाय."

सफुरा खांबाला टेकून खाली बसली. मोहम्मद बाजूला झाला.

मेंदीमुळे तिला काही धरता येईना. गुलबानूने फोनची जोडी सोडवली, एक तिच्या कानाशी स्वतःच्या हाताने धरला. दुसरा खाली लोंबत राहिला. सफुराने मानेने खूण केली, "तुम्ही पण घ्या, अम्मा." सासू-सून डोक्याला डोकं लावून बसल्या आणि हमीदने बांबूची सुई ठेवली. तो स्वतः अंगणात जाऊन उभा राहिला. काही वेळाने गुलबानूने हाक मारली, तेव्हा त्याने परत येऊन सुई उचलली.

वली काय बोलला ते गुलबानूने त्याला नंतर होडीत सांगितलं. इथे थंडी फार आहे. रात्री छातीत दुखतं, खोकल्यातून रक्त येतं, पण हे अम्माला सांगू नकोस. शाल एकच घेता आली, ती अम्माला देतो. तुझ्यासाठी पुढच्या खेपेला आणीन, रागावू नकोस. मग तो हसला, कुणाला तरी "जरा थांब" म्हणाला आणि बोलणं संपलं.

ओट्यावर सफुरा रडली नाही. मेंदीचे हात तिने गुडघ्यांवर उताणे ठेवले. मग म्हणाली, "मी रागावलेलीच होते. ट्रंक उघडली त्या दिवसापासून. त्याच रागात मी भाईला हो म्हणाले."

मोहम्मदने विचारलं, "मग आता?"

"आता काय? तो माणूस भला हाय. त्याची काय चूक?"

हमीद म्हणाला, "पुन्हा एकदा लावू का? ही सुई पत्रा खरवडत न्हाय."

"नको, हमीदभाई. पुन्हा ऐकलं तर शुक्रवारी माझ्याच्यानं उभं राहवणार न्हाय." गुलबानूने तबकडी तिच्यापुढे केली, तर तिने तीही घेतली नाही. "बोर्लीच्या घरात ही मी कुठं ठेवू?"

शाल मात्र गुलबानूने परत आणली नाही. सफुराच्या खांद्यावर टाकली. सफुराने ती काढली नाही. दोघींनी एकमेकींच्या गळ्याला मिठी मारली, तेव्हा मेंदीचे डाग गुलबानूच्या पाठीवर उठले.

परतताना खाडीवर वारा होता. होडीत दिघीचे दोन-तीन जण होते. ते शुक्रवारच्या जेवणावळीबद्दल बोलत होते. गुलबानू तबकडी मांडीवर घेऊन बसली होती.

"त्याला रक्त पडत होतं," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं?"

"न्हाय, अम्मा."

"मला सांगू नको म्हणाला. मी आई असून."

हमीदने हात पुढे करून तिच्या पदराचं टोक पाण्याला लागत होतं ते उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. आगरदांड्याचा धक्का जवळ आला, तशी माणसं उठू लागली.