तेक्लाआत्याचा मुकुट

कुपालाच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, संध्याकाळी आमच्या गावातल्या बिनलग्नाच्या मुली फुलांचे मुकुट विणायच्या आणि त्यात मेणबत्ती खोचून ते प्रिप्यात नदीत सोडायच्या. ज्याच्या हाती मुकुट लागेल तो आपला नवरा. बुडाला तर मात्र काही खरं नाही, असं सगळ्या मानत. त्या वर्षी मी पहिल्यांदाच सोडला. मुकुट वळणापर्यंत नीट गेले आणि दिसेनासे झाले. खाली कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या पोरांना एकही सापडला नाही.

सकाळी आम्ही बायका-मुली पाणी भरत असताना लावरीन कोळी मुकुटांनी भरलेली टोपली घेऊन विहिरीपाशी आला. पन्नाशीचा विधुर, पलीकडच्या काठावर एकटाच राहायचा. सणाच्या दिवशी नदीत जाळं लावायचं नसतं, हे तो साफ विसरला होता.

"घ्या पोरींनो, आपापलं नशीब ओळखा," तो म्हणाला. "मासा एक नाही लागला."

"काका, मग आता आम्हा सगळ्यांशी लग्न करणार का?" येवाने विचारलं.

"तुमच्या आयांना विचारून ये आधी."

हसतहसत सगळ्यांनी आपापला मुकुट उचलला. टोपलीत एक उरला. रानदवण्याचा, निळ्या काठाच्या चिंधीने बांधलेला. ती चिंधी मी लगेच ओळखली. ती तेक्लाआत्याच्या जुन्या एप्रनची होती. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. नवरा जंगलात कोसळत्या झाडाखाली चिरडून गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे राहायची. विधवेने मुकुट सोडायचा नसतो.

"कुणाचा गं हा?" हापका म्हातारीने विचारलं.

"माझा," मी म्हणाले. "मी दोन सोडले."

"दोन? एक नवरा पुरायचा नाही होय तुला?"

आईने माझ्याकडे डोळे वटारले. आत्याने हातातली बादली खाली ठेवली.

"तिचा नाही. माझा आहे."

"तुझा? अगं, तुझं लग्न होऊन गेलंय ना?" म्हातारी म्हणाली.

"झालंय. सोळाव्या वर्षी, कुपालाच्या आधीच. मुलींबरोबर नदीवर जायचं राहूनच गेलं. एकदा सोडून बघायचा होता, एवढंच. नवराबिवरा नकोय मला."

लावरीनने टोपली उचलली.

"माझ्या जाळ्यामुळे अडला तो. चल, जाळं काढतो, पुढे सोड."

"भरदिवसा?" आई म्हणाली.

"रात्री नेलं असतं तर बरं दिसलं असतं का, वहिनी?"

आईने मला सोबत पाठवलं. लावरीनने जाळं ओढून होडीत घेतलं. आत्याने वाकून मुकुट पाण्यावर ठेवला. तो विलोच्या झाडांपलीकडे जाईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने तोंडावर पाणी मारलं आणि जाळ्याकडे वळली. फांद्या अडकून ते बरंच फाटलं होतं.

"सुई आहे का?" तिने विचारलं.

दुपारपर्यंत ती त्याच्या अंगणात जाळं सांधत बसली. मी पेंगले.

बटाटे काढायच्या दिवसांत लावरीनने तिला मागणी घातली. ती नको म्हणाली. तो म्हणाला, बरं, मग जाळं फाटलं की येत जा. ती जायची. त्या हिवाळ्यात जाळं फारच फाटायला लागलं, असं आई कुजकटपणे म्हणायची.

वसंतात आत्याने स्वतःच त्याला विचारलं. लग्नात सगळ्यात जास्त वोडका हापका म्हातारी प्यायली, आणि तिला होडीतून घरी पोचवायचं काम माझ्या वडिलांवर आलं.