विसाव्याचा दिवस

तलावात पाणी नव्हतं, म्हणून पंचशीला तलावाच्या तळावर पोहत होती. लातुरात नळाला पाणी येऊन महिना उलटला होता. पोहायचा तलाव कोण भरणार? तिला पोहणं शिकवणाऱ्या नजीर सरांनी कोरड्या फरशीवर बाकडं टाकलं आणि शिडीच्या दांड्याला सायकलच्या ट्यूब बांधल्या. बाकड्यावर पालथं पडायचं, ट्यूबची टोकं धरून हात मांडीपर्यंत ओढायचे.

तिचे पाय लहानपणीच पोलिओनं गेले होते. महिनाभरानं नांदेडला अपंग जलतरणपटूंची निवड होती. तिथं ठरलेली वेळ गाठली तर राज्याचा संघ; नाही तर वयोगट संपत होता आणि पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं.

"पाण्यावाचून पोहायलीय माझी लेक," चांगुणा, तिची आई, म्हणायची. "उद्या पिठावाचून भाकरी करशील."

सर मात्र काळजीनं शिकवत. स्नायू ताणानं वाढत नाही, ताणानंतरच्या विसाव्यात वाढतो, हे त्यांनी तिच्याकडून वदवून घेतलं होतं. एक दिवस ट्यूब, दुसऱ्या दिवशी पूर्ण विसावा.

विसाव्याच्या दिवशी आई मजुरीला गेली की पंचशीला कुबड्या घेऊन टँकरच्या रांगेत नंबर धरायला जाई. घागरी शेजारची सिंधु उचलायची. टँकर कधी चौकात, कधी पार गिरणीपलीकडे. प्रत्येक पावलाला सगळं अंग दोन खांद्यांवर यायचं. पण ते तिचं रोजचं चालणं होतं. व्यायाम म्हणजे बाकड्यावर होतो तो, असं ती समजत होती, आणि सरही.

आधी वेणी घालताना उजवा खांदा दुखला. मग कुशीवर झोपवेना. सांगितलं असतं तर सरांनी नाव कमी केलं असतं, म्हणून ती बाम चोळून गप्प राहिली. ती ट्यूब सहज ओढते असं पाहून सरांनी दुसरी जोडली.

नांदेडच्या तलावात पाणी होतं. काठावरून बसूनच उडी घेतली तेव्हा तिला हसू आलं. पहिली लांबी ती सगळ्यांच्या पुढं होती. वळल्यावर उजवा हात पाण्याबाहेर आला आणि तिथंच अडकला. खांद्यात आतून काहीतरी फाटल्यासारखं झालं. तिनं डाव्या हातानं दोरी धरली. बाकीच्या शेजारून निघून गेल्या.

सरांनी तिला काठावर घेतलं, खांद्याच्या हाडाभोवती बोटं दाबून पाहिली आणि विचारलं, विसाव्याच्या दिवशीही ट्यूब ओढायचीस का?

"न्हाई सर. हात बी लावला न्हाई."

"मग काय करायचीस?"

"पाण्याला जायची."

"कशी?"

"कशी म्हणजे? चालत."

सर ओल्या फरशीवर खाली बसले. कुबड्या समोरच पडल्या होत्या. त्या जवळ ओढत ते म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं, बेटा."

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने या हातावर जराही भार नको. ऐकताना तिनं मान हलवली. निघताना उजवी कुबडी काखेत घ्यायला गेली, तर हात उचलेना.

बस लागली होती. सर पाठ करून तिच्यापुढं वाकले. आईनं कडेवर घेणं सोडल्यापासून तिला असं कुणी उचललं नव्हतं. तिनं डावा हात त्यांच्या गळ्यात टाकला. आता रांगेत कोण उभं राहणार, हे तिनं त्यांना विचारलं नाही.