गिटार फोडणारा बन्सीलाल

दोंडाईच्याच्या माणकचंद शेटांना धान्याची आडत सांभाळणारा मुलगा हवा होता. त्यांच्या बन्सीलालनं धुळ्याच्या कॉलेजात जाऊन मानेपर्यंत केस वाढवले, कुठूनशी इलेक्ट्रिक गिटार मिळवली आणि तीन मित्रांना घेऊन ‘थंडर पार्टी’ काढली.

“घरात हे डबडं तरी राहील, नाहीतर मी,” शेट म्हणाले.

बन्सीलाल डबडं घेऊन धुळ्याला खोली करून राहिला.

१९७१ च्या गॅदरिंगमध्ये त्यानं स्वतः बांधलेली धून वाजवायला घेतली. प्रमुख पाहुणे कापसाची जिनिंग फॅक्टरी असलेले एक शेट होते. ते मध्येच ओरडले, “अरे, सिनेमातलं काहीतरी वाजव!” बन्सीलालचं डोकं फिरलं. त्यानं गिटार मानेला धरून स्टेजवर आपटली आणि तिचे तुकडे केले. ही समाजाला मारलेली चपराक आहे, असं त्याला वाटलं. समाजानं पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या. पाहुणे स्टेजवर चढून म्हणाले, “माझ्या मुलीच्या लग्नात हेच पाहिजे! नवी गिटार मी देतो.”

नवी गिटार मिळणार म्हणून तो त्या एका लग्नापुरता हो म्हणाला. पुढच्या दोन वर्षांत त्यानं बावन्न लग्नांत गिटारी फोडल्या. एवढ्या खऱ्या आणायच्या कुठून? धुळ्यातला उखर्डू सुतार आंब्याच्या फळीच्या बनवून द्यायला लागला. पहिल्याच वेळी त्यानं विचारलं होतं, “भाऊ, हाई वाजाडाकरता शे का फोडाकरता?”

“फोडायला.”

“मंग बेस शे. सूर लावाना तरास नही.”

लग्नपत्रिकांत जेवणाच्या खाली गिटारीची वेळ छापून येऊ लागली. एरंडोलच्या एका भटजींनी तर फोडण्याचा मुहूर्तही काढून दिला. बन्सीलाल काळा शर्ट घालायचा, कुणाशी बोलायचा नाही, कपाळाला आठ्या घालून उभा राहायचा. त्या आठ्याही लोकांना फार आवडायच्या.

१९७३ च्या उन्हाळ्यात माणकचंद शेट स्वतः त्याच्या खोलीवर आले. धनकुंवरचं, बन्सीलालच्या धाकट्या बहिणीचं, लग्न जळगावच्या एका घरात ठरलं होतं.

“मुलाकडच्यांची एकच अट आहे,” शेट खाली बघत म्हणाले. “तुझी गिटार.”

बन्सीलाल दोंडाईच्याला लग्नाला गेला, पण उखर्डूकडची फळी न नेता, साठवलेल्या पैशांतून घेतलेली खरी गिटार घेऊन. जेवणाच्या पंगती उठल्यावर त्यानं तीच जुनी, गॅदरिंगमध्ये अर्धवट राहिलेली धून सुरू केली. आठ मिनिटं झाली तरी तो वाजवतच होता. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. नवरदेवाचे काका, फुलचंदजी, खुर्चीवरून उठले. “फोडणार कधी?”

“आज नाही,” बन्सीलाल म्हणाला.

माणकचंद शेट धावत आले. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. “बन्सी, एवढी फोड रे बाबा. लग्नघर आहे.”

“बाबूजी, धनकुंवरसाठी वाजवतोय. पुरी होऊ द्या.”

फुलचंदजींनी ती पुरी होऊ दिली नाही. त्यांनी गिटार हिसकावली आणि मांडवाच्या खांबावर तीन दणक्यांत तिचा भुगा केला. मांडवभर टाळ्या पडल्या. शेटांनी घाम पुसला आणि विड्यांची तबकं फिरवायला सांगितली.

दुपारच्या गाडीनं वऱ्हाड जळगावला निघालं. बन्सीलाल रिकाम्या हातानं स्टेशनवर उभा होता. खिडकीशी बसलेल्या धनकुंवरनं पदर जरा सारून विचारलं, “भैया, त्या धुनेचा शेवट कसा होता?”

त्यानं तो शिट्टीवर वाजवून दाखवला. शिट्टी संपेपर्यंत शेजारी बसलेला नवरदेव खिडकीच्या गजावर बोटांनी ठेका धरत होता.

“मला तर ऐकायचीच होती,” तो हळूच म्हणाला. “फोडायची हौस काकांची. पण मोठ्यांपुढे कोण बोलणार?”

गाडी हलली. दोघं नवरा-बायको खिडकीतून हात हलवत राहिले, आणि तो ती धून पहिल्यापासून पुन्हा शिट्टीवर वाजवत गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला.