शंभराची वाटणी

मी एक जुनं गोदाम. माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून मलाही बोलायची सवय नाही. पण सध्या रिकामं आहे.

माझ्यावर पत्रे चढले तेव्हा माझ्यात यंत्रं यायची होती. आले रंगाचे डबे. मालक गेल्यावर दोन मुलगे आणि मुलगी धंदा बघू लागले. माल वाढला, गल्ली तेवढीच राहिली. ट्रकला उलटं, मागे मागे आत यावं लागे. एकदा त्यात थोरल्याचा पाय चाकाखाली सापडला. तो अजून लंगडतो.

मला सोडायचं ठरलं. कुठे जायचं, यावर भावांचं बिनसलं. थोरल्याला हमरस्त्यालगतची जागा हवी, धाकट्याला बाजारातली. दोघं एकत्र जेवेनात. धाकटा वेगळं व्हायचं बोलू लागला.

मग ताईने खडूने माझ्या भिंतीवर तक्ता आखला. रस्ता, भाडं, दुकानांचं अंतर, कामगारांचं येणं-जाणं. कशाला किती महत्त्व, ते शंभरातून वाटायचं. मग प्रत्येक जागेला गुण, त्यांचा महत्त्वाशी गुणाकार, शेवटी बेरीज. तिसरी जागा पुलापलीकडची शेड. ‘आहे तिथेच’ म्हणून चौथी जागा मी.

बेरजेत बाजार वर आला. थोरल्याने बाहीने पुसून रस्त्याचं महत्त्व वाढवलं. हमरस्ता वर आला. धाकट्याने खडू ओढून घेतला.

“दादा, उत्तर बघून गणित मांडतोस होय?” ताई म्हणाली.

“आणि हा काय करतोय?”

“तेच. एका आईचे ना तुम्ही.” तिने महत्त्वाचे आकडे पुसले. “आता तू याच्या मनातले लिही. हा तुझ्या मनातले लिहील.”

थोरल्याने दुकानांच्या अंतरापुढे तीस लिहिले.

“चाळीस कर,” धाकटा म्हणाला. “उशीर झाला की दुकानदारांच्या शिव्या मी खातो.”

“बोलला नाहीस कधी.”

“विचारलंस कधी?”

थोरल्याने चाळीस केले. धाकट्याने दादाच्या पायाकडे बघितलं आणि रस्त्यापुढे, कोणी न सांगता, पन्नास लिहिले.

ताईने दोघांच्या आकड्यांची सरासरी काढली. पुलापलीकडची शेड पहिली आली. ती कोणी धड बघितलीही नव्हती. मी शेवटी. फक्त कामगारांच्या रकान्यात मला सगळ्यांत जास्त गुण होते, कारण माझ्याकडे ते चालत येत. शेड घेताना ताईने त्यांच्यासाठी गाडी ठरवली.

शेवटचा ट्रक भरल्यावर भाऊ उलट्या डब्यांवर बसून एकत्र जेवले. धाकट्याने आपली भाजी पुढे सरकवली, थोरल्याने घेतली.

आता नवा भाडेकरू येईल. जन्मभर मी रंग सांभाळला, पण मला कधी कोणी रंग लावला नाही. तो भाडेकरू तुम्ही असाल तर लावा, मला आवडेल. ती खडूची भिंत तेवढी सोडा.