माझ्या डाव्या चाकातली हवा

मित्रांनो, माझी तक्रार आजवर कुणी ऐकली नाही, म्हणून ती तुम्हाला सांगते. मी चेंडू फेकणारी एक जुनी मशीन आहे. पश्चिम टेक्सासमधल्या एका शाळेच्या मैदानावर माझे आयुष्य गेले. मला रबरी टायरची दोन चाके आहेत. ती एकमेकांच्या उलट गरगर फिरतात आणि मध्ये सरकवलेला लांबट चेंडू सुसाट बाहेर पडतो. दोन्ही चाकांत हवा सारखी असेल, तरच तो सरळ जातो. एवढेच माझे शास्त्र.

मी नवी असताना प्रशिक्षक स्टकी रोज हवा तपासत. "ही माझी सगळ्यात गुणी खेळाडू, कधी कुरकुर नाही!" असे म्हणत. पुढे ते नुसते बटण दाबू लागले.

गेल्या हंगामात आमचा संघ हरतच गेला. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकतात. फेकणारा एकच, तो क्वार्टरबॅक. धावत जाऊन झेलणारे अनेक. दोष फेकणाऱ्या ब्रॅडनचा की झेलणाऱ्या एलिसेओचा, यावर न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत वाद चाले.

"आता काय हातात आणून देऊ?" एकदा सरावात चेंडू सुटताच ब्रॅडन खेकसला.

"दे की! निदान आपल्या माणसाच्या हातात तरी पडेल," एलिसेओ म्हणाला.

"पुरे!" स्टकी ओरडले. "मशीन ठरवेल. ती कुणाच्या बाजूची नाही. एलिसेओ, तिचे चेंडू झेललेस तर शुक्रवारच्या सामन्यात खेळशील, नाहीतर बाकावर."

शुक्रवारी एका कॉलेजचा माणूस खेळाडू निवडायला येणार होता. त्याने निवडले, तरच शिष्यवृत्ती मिळून एलिसेओला पुढे शिकता येणार होते.

माझ्या डाव्या चाकातली हवा कधीपासून कमी झाली होती. मला ते कळत होते, पण सांगायचे कसे? माझा प्रत्येक चेंडू डगमगत गेला आणि ऐन वेळी बाजूला वळला. काही एलिसेओने झेप घेऊन धरले. बाकीचे बोटांना लागून सुटले.

"हाताला लोणी लावून आलास का रे?" ब्रॅडन हसला.

"कोच, चेंडू वळतोय."

"पोरा, मशीन सबबी सांगत नाही. तूही सांगू नकोस."

शुक्रवारी एलिसेओ बाकावर बसला. ब्रॅडनचे चेंडू छान गेले आणि रिकाम्या गवतात पडले. तिथवर धावून पोहोचणारा कुणी नव्हताच. कॉलेजचा माणूस अर्ध्या खेळातून उठून गेला. शाळा संपताच एलिसेओ मामाबरोबर तेलविहिरींवर कामाला लागला.

उन्हाळ्यात मला हलवताना स्टकींचा हात डाव्या टायरवर पडला. टायर आत दबला. मग त्यांनी फोन लावला.

"एलिसेओ, चेंडू खरंच वळत होता रे."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, कोच," पलीकडून आवाज आला. "ठेवतो आता. कामावर आहे."

मित्रांनो, फेकणारा मोठा की झेलणारा, हा वाद तुम्ही खुशाल घाला. पण ज्या यंत्रावर माणसाची परीक्षा घेणार असाल, त्याच्या चाकांत आधी हवा भरा. नंतर भरलेली हवा एलिसेओच्या काही कामाची नाही.