उसनं बोट

मास्तरांना या व्यवहारात मिळायचं होतं ते असं: स्वतःचं घर, घराच्या पुढच्या खोलीतलं शिवणाचं मशीन आणि रोज चार वाजता बेकरीतला एक क्रीम रोल. त्याबदल्यात द्यायचा होता रोज सकाळी रक्ताचा एक थेंब, तोही दुसऱ्याचा. चाळीस वर्षांच्या धंद्यात इतका स्वस्त सौदा त्यांना कुणी देऊ केला नव्हता.

मास्तर कोट शिवायचे. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, शेजारी भिंतीला भिंत लावून बेकरी. मापं घेताना गिऱ्हाइकाच्या पोटावर टेप थांबवून विचारायचे, "बटण आत्ताच्या पोटाला लावू, की जेवल्यानंतरच्या?" गिऱ्हाईक हसायचं आणि पोट आत ओढायचं. स्वतःच्या पोटाला टेप लावायची वेळ मास्तरांवर आली नव्हती, ती डॉक्टरबाईंनी आणली. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सात पॉइंट आठ निघाला.

डॉक्टरबाई वयानं लहान, पण बोलायला समंजस. गोड कायमचं बंद, असं त्या म्हणाल्याच नाहीत. जेवणाच्या शेवटी छोटा तुकडा घ्या, त्या जेवणात पाव कमी करा, वर वीस मिनिटं चाला, दिलेली गोळी रोज घ्या, सकाळी साखर मोजा आणि सगळं लिहून ठेवा, असं त्यांचं सांगणं. मास्तरांना गोड सोडणं एकवेळ जमलं असतं. मोजून खाणं मात्र त्यांच्या जिवावर आलं. मोजून खायचं तर ते गोड कसलं, ते औषधच, असं ते घरी येताना म्हणाले आणि बेकरीपाशी पाय आपोआप अडले.

खरा कायदा केला तो लेकीनं. ती सहा तासांवरच्या शहरात शाळेत शिकवायची आणि आईबापांनाही वह्या तपासाव्यात तशी तपासायची. साखर मोजायचं यंत्र तिनं पाठवलं, पट्ट्यांचे डबे पाठवले आणि फोनवर अट घातली. रोज सकाळी आकड्याचा फोटो हवा. आकडे ताळ्यावर राहिले नाहीत, तर दुकान बंद करून दोघांनी तिच्याकडे राहायला यायचं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथं मशीन ठेवायचं कुठं, असं मास्तरांनी विचारलं. मशीन कशाला, असं तिनं विचारलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान शेळी दिसली तरी पाहिजे, असं मास्तर फोन ठेवल्यावर पुटपुटले. फोटोची भानगड त्यासाठीच होती.

पहिल्या सकाळी मास्तरांनी टोचायचं पेन बोटावर दाबलं. रक्त आलं नाही. बोटावर अंगुस्तानाची टोपी घालून शिवणं म्हणजे नवशिक्याचं काम, अशी त्यांची समजूत. त्यामुळे उघड्या बोटांनी सुया रेटून त्यांची कातडी चामड्यासारखी झाली होती. दुसरं बोट, तिसरं बोट. एकदा थेंब आला तो पट्टीवर चढेपर्यंत वाळला. तीन पट्ट्या वाया गेल्या. चौथी यंत्रात घातली, यंत्र डोळे मिचकावत वाट बघू लागलं आणि मास्तरांनी आत हाक मारली.

"अगं, तुझं बोट आण जरा. पट्टी फुकट जातेय."

मास्तरीणबाई काज करत होत्या. गल्लीत त्यांना हेच नाव. कोट मास्तरांचा असला तरी काज, बटणं, तुरपाई त्यांची. हातातली सुई उशीत खोचून त्या उठल्या आणि बोट पुढं केलं. आकडा आला एकशे चार. फोटो गेला. लेकीनं वहीवर देते तशी चांदणी पाठवली आणि खाली लिहिलं, शाब्बास बाबा. मास्तरांना आयुष्यात परीक्षेत कधी चांदणी मिळाली नव्हती. त्या आनंदात चार वाजता दोन रोल आले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बोट मागितलं तेव्हा बाईंनी आपला भाव सांगितला. बोट मिळेल, पण जे गोड येईल त्यातलं अर्धं त्यांचं.

"तुला कधीपासून गोडाची चटक?"

"संगत," बाई म्हणाल्या.

मास्तरांना हे महाग वाटलं, पण अडला हरी. बाईंचं गणित आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं. आपल्या पोटात गेलं ते मास्तरांच्या रक्तात जायचं नाही, एवढंच त्या बघत होत्या. लग्नापासून चहात साखर न घेणारी बाई क्रीमसाठी हावरी झाली नव्हती. हे कळल्यावर शहाण्या माणसानं एक रोल आणून अर्धा खाल्ला असता. मास्तर दोन आणू लागले. बाईंनी मुकाट्यानं एक उचलला. रविवारी केक आला, त्याचेही दोन भाग झाले. अशी ही समाईक पेढी चालू लागली. माल त्यांचा, वाटा निम्मा आणि रोजचा रक्ताचा हप्ता बाईंचा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं होतं. मास्तरांनी ते एकदा सर्दीवर ढकललं, एकदा गिऱ्हाइकांच्या गर्दीवर. रोजचे फोटो चांगले असल्यावर लेकीनंही फार ताणलं नाही.

आकडे मग हळूच वर निघाले. एकशे बारा, एकशे एकवीस. एकशे एकोणचाळीसला लेकीची चांदणी बंद झाली आणि प्रश्नचिन्ह आलं. मास्तर म्हणाले, पट्ट्या उन्हाळ्यानं खराब झाल्यात. बाई म्हणाल्या, असतील. नवा डबा उघडला. नव्या डब्यातली पट्टीही त्याच वाटेनं गेली.

मग एका सकाळी एकशे त्रेसष्ट आला. दोघं यंत्राकडे बघत उभी राहिली.

"हा आकडा माझा आहे, अहो," बाई म्हणाल्या.

"यंत्राचा आहे."

"यंत्राला तहान लागत नाही."

मास्तरांना माहीत होतं. पहाटेपर्यंत त्या तीनदा उठायच्या, तांब्या रिकामा करायच्या. सुईत दोरा ओवायला त्यांना हल्ली दोनदा चष्मा पुसावा लागायचा. हे सगळं त्यांना दिसत होतं आणि त्याचा अर्थही कळत होता. पण बोलायचं म्हणजे काय काय उसवायचं, याचाही त्यांनी अंदाज घेतला. सहा-सात महिन्यांचे फोटो खोटे निघणार, लेक मिळेल त्या गाडीनं येणार, मशीनवर कापड झाकलं जाणार. शिवाय बँडवाल्यांचे अकरा कोट घेतलेले. ते म्हणाले, एवढे कोट झाले की दोघांचंही दाखवून येऊ, तुझंही नि माझंही.

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा काजावर बसल्या.

तो फोटोही गेला. लेकीनं तो आधीच्या सगळ्या फोटोंसकट डॉक्टरबाईंना पाठवला आणि पुढचेही रोज पाठवत राहिली. डॉक्टरबाईंनी समोरच्या आकड्यावरून जे करायला हवं तेच केलं. जेवणाआधी घ्यायची एक जास्तीची गोळी लिहून दिली. आता मास्तर खरे अडकले. गोळी घेऊ नये तर का घेत नाही ते सांगावं लागणार. घ्यावी तर दुसऱ्याच्या आकड्यावरची. त्यांनी विचार केला, आपण रोल खातोय म्हणजे आपली साखर याहून जास्तच असणार. कापडासारखं औषधही चार बोटं जास्त असलं, तर काय बिघडतंय. स्वतःच्या बोटातून एकदा तरी रक्त काढून बघावं, हे त्यांना सुचलं नाही असं नव्हे. सुचलं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं.

त्याच सुमारास झाडताना बाईंच्या तळव्यात टाचणी गेली. शिंप्याच्या घरात टाचणी लागणं म्हणजे कोळ्याच्या घरात माशाचा काटा लागणं. त्याचं कुणी कौतुक करत नाही. त्यांनी ती उपटली, कापडाची पट्टी बांधली. पंधरा दिवसांनी पट्टी तशीच होती. महिन्यानं त्या टाच टेकून चालू लागल्या.

नवव्या कोटाच्या दिवशी मास्तरांनी बाराला गोळी घेतली आणि पाच मिनिटांत जेवायला येतो म्हणून कापायला उभे राहिले. पाचाचा तास झाला. खडूच्या रेघा दोनदोन दिसू लागल्या. मानेवरून घाम ओघळला, हात थरथरले आणि ज्या कात्रीनं जन्मात वाकडं पाऊल टाकलं नव्हतं ती कॉलरमधून थेट पाठीत गेली. मास्तर टेबलाला धरून खाली बसले. बाईंना धावता येईना; त्यांनी भिंतीवर लाटणं आपटून बेकरीवाल्याला बोलावलं. तो पिठाच्या हातांनीच आला, मास्तरांचा चेहरा बघून त्यानं पेल्यात साखर विरघळवली आणि त्यांना घोटघोट पाजली. मग पाव पोचवायच्या गाडीत दोघांना घालून दवाखान्यात नेलं.

एवढी साखर पाजूनही तिथं आकडा आला अठ्ठावन्न. डॉक्टरबाईंनी फोन उघडला. लेकीनं पाठवलेला सकाळचा फोटो एकशे सत्त्याऐंशीचा होता. त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. साखर एवढी खाली आणण्याइतकी ही गोळी हुशार नाही, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि मास्तरांची बोटं मागितली. त्या चामड्यावर सुईची भोकं कुठली नि पेनची कुठली, ते कुणाला कळणार. त्यांची नजर उठली ती दाराशी पिशवी धरून उभ्या असलेल्या बाईंच्या हाताकडे गेली. डाव्या हाताची तीन बोटं शेंड्याला काळ्या ठिपक्यांनी भरलेली होती.

"बाई, तुमचा हात बघू."

बाईंनी हात पुढं केला. तीच सवय.

मास्तरांनी तोंड उघडलं. जिभेवर अजून साखर होती. बोलायला वाक्य फार मोठं नव्हतं, दोन शब्दांतही बसलं असतं. पण बाईंनीच आधी बोलून टाकलं.

"मीच म्हटलं त्यांना. त्यांची बोटं कडक, पट्ट्या वाया जात होत्या. त्यांना काय कळतंय त्यातलं."

मास्तरांनी तोंड मिटलं.

बाईंचा आकडा आला दोनशे शहाण्णव. पायाची पट्टी डॉक्टरबाईंनी सोडली, तेव्हा खालची जखम चिघळलेली निघाली. मग त्यांनी फोनमध्ये मागं जात जात पहिला फोटो काढला. एकशे चार. उपाशीपोटी हा आकडाही उंबरठ्यावरचाच होता, त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं असतं, तर थोड्या पथ्यावर आणि चालण्यावर भागलं असतं. आजार आला असताच कदाचित, पण असा धावत आला नसता. मास्तरांना ती चांदणी आठवली आणि त्या दिवशीचे दोन रोल.

लेक दुसऱ्या दिवशी आली. ती बापाला काही बोलली नाही. आईसमोर मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबांचं मी समजू शकते. पण तू? मला रोज खोटं दाखवत होतीस?" बाई साड्यांच्या घड्या घालत होत्या, त्या घालत राहिल्या. मास्तर मशीनच्या चाकाला तेल देत होते. चाक कुरकुरत नव्हतं.

बाईंना लेकीकडे जावं लागणार होतं, ते डॉक्टरबाईंनीच ठरवलं. जखम रोज धुवायची, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, आणि जिथं फरशीवर टाचण्या पडतात त्या घरात तर हा पाय ठेवायचाच नाही. लेकीनं बापालाही चला म्हटलं. मास्तर म्हणाले, कोट आहेत. कोट झाल्यावर, असं तिनं विचारलं. मग बघू, असं ते म्हणाले. लेकीनं आईची पिशवी उचलली.

निघताना बाईंनी गोळ्या कुठं, जाड सुया कुठं ते सांगितलं. गाडीत बसल्यावर काच खाली केली.

"आता एकच आणत जा," त्या म्हणाल्या. "वाटेकरी नाही."

गाडी गेल्यावर मास्तर आत आले, लोहचुंबक दोऱ्याला बांधला आणि टेबलाखालून, मशीनच्या पायांमधून, उंबऱ्याच्या फटीतून फिरवला. टाचण्या निघत राहिल्या. मूठभर झाल्या तरी निघत होत्या.

आठवड्यानं मास्तरांचा तीन महिन्यांचा आकडा आला. सहा पॉइंट सहा. कुणीतरी रोज त्यांच्या वाट्याचं खाऊन टाकत होतं, त्याचा तो निकाल. डॉक्टरबाईंनी ती जास्तीची गोळी बंद केली आणि सांगितलं की जेवणानंतर अर्धा रोल चालेल.

तेव्हा कुणी किती भरलं, ते असं. बँडवाल्यांनी एक कोट चार दिवस उशिरा नेला. बेकरीवाल्याचा अर्ध्या दिवसाचा पाव करपला. लेकीची पंधरा दिवसांची रजा गेली. मास्तरीणबाईंनी आठ महिन्यांचं रक्त भरलं, तळव्याचं मांस भरलं, डोळ्यांची थोडी नजर भरली, लेकीची सगळी बोलणी एकटीनं भरली, आणि चाळीस वर्षं जिथं काज केले ते घर सोडलं. रोजची टोचणी त्यांची अजून चालू आहे. आता फक्त आकडा त्यांच्या नावानं लिहिला जातो. मास्तरांच्या नावापुढं भरलेलं असं काही सापडत नाही.