खेकड्याशी झालेला करार

हवा होता फक्त पान क्रमांक. तिच्या मार्गदर्शक मुदलियार मॅडमनी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मूळ ग्रंथाचं पान?’ आणि तेवढ्यासाठी किनिसिमेरे दुपारचं जेवण सोडून सुवाच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात येऊन बसली होती. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. शाळेनं दिलेली रजा त्याच दिवशी संपत होती. सोमवारपासून पलीकडच्या बेटावर, लाबासाला, नववीचा वर्ग, नवरा, दोन मुलं, सगळे पुन्हा ताब्यात घ्यायचे होते.

पान सापडलं. त्याखालची तळटीप वाचून तिला आधी हसू आलं. मग ते ओसरलं.

नालोतू गावाचे लोक समोरच्या प्रवाळखडकावर मासे धरत नाहीत. ही बंदी शेकडो वर्षांची आहे, असं तिचं तिसरं प्रकरण सांगत होतं. पुरावा म्हणून खाली सात लेख होते. प्रत्येक लेख म्हणत होता की गावाच्या मूळपुरुषानं एका खेकड्याशी करार केला आणि खडक त्याला देऊन टाकला. सात लेख म्हणजे सात साक्षीदार, असं ती धरून चालली होती. आता कळत होतं की सातही जण या एकाच पानाला टेकून उभे आहेत, आणि हे पान एका माणसाला. ‘माहिती देणारा: आपिसाई, वुनिताकी गाव.’

वुनिताकी म्हणजे नालोतूचे ताउवू. दोन्ही गावांचा मूळ देव एक, त्यामुळे एकमेकांची टर उडवायचा हक्क जन्मापासूनचा. काहीही बोलावं, समोरच्यानं रागवायचं नाही, उलट सव्वापट परत करायचं. नालोतूबद्दल वुनिताकीच्या माणसाला विचारून त्याचं उत्तर खरं मानणं फिजीतलं शाळकरी पोरही करणार नाही. ग्रंथ लिहिणाऱ्या परदेशी संशोधकाला हे कुणी सांगितलं नसेल. किनिसिमेरेला सांगायची गरजच नव्हती. तिनं फक्त ग्रंथ उघडला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं नालोतूच्या मुखियाला, वाइसेआला, फोन लावला.

“मामा, ती खेकड्याची गोष्ट कुठून आली?”

“कुठला खेकडा? आमचा मूळपुरुष पळायच्या शर्यतीत ज्याच्याकडून हरला आणि खडक देऊन बसला, तो?”

“तोच.”

पलीकडे आधी खोकला, मग हसणं. “अगं ए, ऐकलंस का? सुवाची मास्तरीण खेकड्याचं विचारतेय.”

“मी गावात आले होते तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की. माझी आई तुझ्या तोंडावर हसली. म्हणाली, हे कुणी शिकवलं तुला? तू ते लिहून घेतलंस आणि चहा प्यायलीस.”

तिला आठवलं. म्हातारीच्या हसण्याला तिनं शीर्षक दिलं होतं, ‘परंपरा विस्मरणात जात असल्याची खूण’.

“आपिसाईनं सांगितलं होतं, मामा. वुनिताकीच्या.”

“आपिसाई! जाऊन किती वर्षं झाली, अजून आम्हाला हरवतोच आहे. आता माझं पण लिहून घे. वुनिताकीवाले झाडाला उलटे लटकून झोपतात, वटवाघळासारखे. छाप.”

“मग खरी बंदी कधीची?”

“माझं लग्न झालं त्या सुमाराची. मासे न्यायला ट्रक यायला लागला आणि बघता बघता खडक बोडका झाला. मग बसलो सगळे, यांगोना प्यायलो, भांड भांड भांडलो आणि बंद केला. देवाबिवाचा काही संबंध नाही.” त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. “पण पोरी, धक्क्यावर आता पाटी आहे. पर्यावरणवाल्यांनी लावलीय, खेकड्याचं चित्र काढून. माझी नात शाळेत तेच म्हणून दाखवते, टाळ्या घेते. तिला काय सांगायचं ते तुझं ठरलं की कळव.”

सातातला सगळ्यात गाजलेला लेख मुदलियार मॅडमचा होता. किनिसिमेरे त्यांच्या खोलीत गेली तेव्हा त्या एका हातानं उत्तरपत्रिका तपासत होत्या. दुसऱ्या हातात रोटीची गुंडाळी होती.

“मिळालं पान?”

“पान मिळालं. माणूसही मिळाला.”

तिनं सगळं सांगितलं. मॅडमनी रोटी खाली ठेवली, चष्मा काढला, डोळे चोळले.

“मी मूळ पाहिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ग्रंथ बांधणीला गेला होता आणि माझी परिषद तोंडावर आली होती.”

“मी तुमच्यावरून घेतलं.”

“ते कळलं मला.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “एक तळटीप टाक. या माहितीबद्दल मतभेद आहेत म्हणून. शुक्रवारी देऊन टाक.”

“मतभेद कुठे आहेत, मॅडम? दुसरं मत कुणाचं?”

“किनी, ही तिसरी मुदतवाढ होईल. मुलं तिकडे, तू इकडे. तू दमलीस, मीही दमलेय. दे आणि मोकळी हो.”

त्या तिच्या भल्याचंच बोलत होत्या, म्हणून ते जास्त जड गेलं.

खोलीवर येऊन तिनं तळटीप लिहिली. नेटकी झाली. वर मजकुरात मात्र शेकडो वर्षं तशीच उभी होती, आणि तळटीप त्यांच्या पायाशी अंग चोरून बसली होती. तिनं दोन्ही खोडलं. मग त्यावर टेकलेला परिच्छेद गेला, त्याच्यामागचा तक्ता गेला, शेवटी प्रकरणाचं नावही गेलं. उरला वाइसेआचा ट्रक. पण एका आपिसाईच्या जागी एक वाइसेआ बसवून भागणार नव्हतं. मत्स्यखात्याचे परवाने पाहायला हवेत, ट्रकवाल्याला शोधायला हवं, बंदीच्या विरोधात भांडलेल्यांना भेटायला हवं. म्हणजे शुक्रवार गेलाच.

थट्टेचा पुरावा कसा होत गेला, ते तिनं नव्यानं लिहिलं. सातही लेखकांची नावं घातली, मुदलियारही. आठवं स्वतःचं, गेल्या वर्षी चर्चासत्रात हेच वाचून दाखवल्याबद्दल. म्हातारीचं हसणं शीर्षकाशिवाय, जसं होतं तसं ठेवलं. मुदतवाढीचा अर्ज जोडून सगळं मॅडमना पाठवलं.

मग लाबासाला फोन.

“झालं?” नवऱ्यानं विचारलं.

“नाही. सोमवारी शाळेत रुजू होते. उरलेलं सुट्ट्यांमध्ये.”

“म्हणजे पुढचं वर्ष.”

“हो.”

“मी मुलांना या वेळी नक्की म्हणून सांगितलं होतं.”

“त्यांना दे फोन. मीच सांगते.”

मॅडमचं उत्तर शुक्रवारी सकाळी आलं. ‘अर्जावर सही केली आहे. माझ्या लेखाचं साल चुकवलंस. २००९ नाही, २०१०. आणि माझं नाव पूर्ण घाल, आद्याक्षरं नकोत. मुदलियार पुष्कळ आहेत, दुसऱ्या कुणावर जायला नको.’

किनिसिमेरेनं नाव पूर्ण केलं. साल बदलण्याआधी मात्र मासिकाचा तो अंक काढून पाहिला. २०१०च होतं.